पोहण्याचा पोशाख : पुढचा भाग पूर्ण

वहिनींसाठी शिवत असलेल्या, अर्ध्या बाह्यांच्या आणि गुडघ्यापर्यंतच्या पोहण्याच्या पोशाखाचा पुढचा भाग या आठवड्यात पूर्ण झाला. आपल्या सोलापूरच्या चादरीचे कापड उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेले असते आणि ते फारसे ताणले जात नाही. तशा कापडातून ब्लाऊज शिवताना टक्स किंवा प्रिन्सेस कट (छातीवरून कमरेकडे जाणारी गोलाईदार उभी शिवण) घेऊनच अंगाचा आकार आणावा लागतो. नायलॉन-स्पँडेक्सचे कापड चारी बाजूंना ताणले जाते, म्हणून येथे मापच अंगापेक्षा लहान धरायचे असते. नितंबाचे माप 100 सेंटिमीटर असल्यामुळे मी कापड 90 सेंटिमीटरवर बेतले.

मात्र नुसत्या ताणाने पोट सपाट दिसत नाही, उलट प्रत्येक उंचवटा उठून दिसतो. खरे काम अस्तर करते. पुढच्या भागाला आतून पॉवर नेट, म्हणजे अंग घट्ट धरणारे ताणाचे जाळीदार कापड, लावले असून त्याची कमी ताणली जाणारी बाजू पोटावर आडवी येईल असे ते कापले आहे. पाठीला साधे अस्तर ठेवल्यामुळे श्वास घेताना कापड मागच्या बाजूने सैलावते. नेट मी छातीच्या खालीच थांबवले, कारण पोहणाऱ्या व्यक्तीच्या फासळ्या आवळणारा पोशाख कितीही सुबक दिसला तरी तो मला निकामी वाटतो.

वरचे कापड अस्तराच्या दीडपट लांब कापून दोन्ही बाजूंच्या शिवणींत चुण्या बसवल्या. आडव्या घड्यांच्या सावल्यांत पोटाची कड हरवते, आणि आतले अस्तर नेमक्या लांबीचे असल्याने ओले कापड जड होऊनही खाली ओघळत नाही. या चुण्यांवर सर्वाधिक वेळ गेला आणि तो सार्थकी लागला, असे मला मनापासून वाटते. बाजूच्या पट्ट्या गडद निळ्या घेतल्याने कंबर बारीक भासते.

शिवणीसाठी 75 क्रमांकाची स्ट्रेच सुई, पॉलिस्टरचा दोरा आणि अरुंद झिगझॅग वापरला. सरळ टाका कापड ताणताच तुटतो.

आता पाठ कापायची आहे. तिची मधली शिवण सरळ न ठेवता नितंबावर गोलाई देऊन घेणार आहे, म्हणजे कापड तेथे ताठ पसरणार नाही. गळ्याचे इलॅस्टिक गळ्याच्या घेरापेक्षा किंचित आखूड घेईन, जेणेकरून वाकल्यावर गळा उघडा पडणार नाही.