दीवचं खुकरी स्मारक: जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती

दीवला जाणार असाल तर एक संध्याकाळ आयएनएस खुकरीच्या, म्हणजे १९७१ च्या भारत-पाक युद्धात बुडालेल्या आपल्या युद्धनौकेच्या, स्मारकासाठी राखून ठेवा. किल्ला झाला, आता जाता जाता दहा मिनिटं, असं करू नका.

मुंबईकरांना वांद्रे टर्मिनसहून वेरावळची थेट रेल्वे सोयीची पडते. पुढे साधारण नव्वद किलोमीटर, एसटीने उना आणि तिथून रिक्षाने दीव. रिक्षावाल्याला नुसतं ‘खुकरी’ म्हटलं तरी कळतं. स्मारक चक्रतीर्थ किनाऱ्याजवळ उंचवट्यावर आहे. सावली जवळजवळ नाही, त्यामुळे दुपार टाळा. टोपी आणि पाणी जवळ हवंच.

काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती आहे. तिच्यासमोर वाकून मी बराच वेळ डेकवरच्या तोफा, शिड्या, ब्रिज न्याहाळत होतो. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला याच जहाजाचे प्रमुख. ८ डिसेंबर १९७१ रोजी खुकरी मुंबईहून पाणबुडीच्या शोधात निघाली. ९ तारखेच्या रात्री, दीवपासून सुमारे चाळीस सागरी मैलांवर, पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीचा टॉर्पेडो तिच्यावर आदळला आणि काही मिनिटांतच जहाज बुडालं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. मुल्लांनी आपलं लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला दिलं आणि स्वतः जहाज सोडलं नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. प्रतिकृतीवरून नजर उचलली की समोर तोच अरबी समुद्र. या माणसांच्या घरच्यांना फुलं वाहायला दुसरी समाधी नाही.

तिथे उभं असताना मला सारखी सिंधुरक्षक आठवत होती. १४ ऑगस्ट २०१३, मध्यरात्र उलटलेली, मुंबईच्या नौदल गोदीत उभ्या असलेल्या या पाणबुडीत स्फोट झाले आणि आतले १८ जण गेले. समोर शत्रू नव्हता, युद्धही नव्हतं. पुढच्याच फेब्रुवारीत मुंबईजवळ समुद्रात सिंधुरत्न पाणबुडीत धूर झाला, दोन अधिकारी गेले, आणि नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी जबाबदारी स्वीकारून त्याच दिवशी राजीनामा दिला. अशा मृत्यूंना ‘अपघात’ म्हणून आपण आठवड्याभरात विसरतो, हे मला मनापासून खटकतं. गोदीत ड्यूटीवर असलेला माणूसही त्याच गणवेशात, त्याच शपथेखाली होता. मुलांना घेऊन गेलात तर खुकरीची गोष्ट सांगाच, पण या दोन पाणबुड्यांचीही सांगा.

आता आणखी काही. खुकरीचं नाव पुढे चालवणारी दुसरी युद्धनौका २०२१ च्या डिसेंबरमध्ये निवृत्त झाली आणि नौदलाने ती संग्रहालयासाठी दीव प्रशासनाला दिली. तिच्या वेळा हॉटेलात आधी विचारून घ्या.

शनिवार-रविवार आणि ३१ डिसेंबरच्या आसपास दीव पिणाऱ्यांनी फुललेलं असतं. बाटल्या घेऊन स्मारकावर येणाऱ्यांना शांतपणे पण ठामपणे सांगा, मी सांगितलं आणि ते उठून गेले. परतताना सामानात दारू ठेवू नका. वेस ओलांडली की गुजरातची दारूबंदी लागू होते आणि नाक्यावर बॅगा तपासतात. पावसाळ्यात समुद्रात उतरायचं नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली असते, आणि ९ डिसेंबरच्या सुमारास जमलं तर जरूर जा.