बोला भाऊ, आणि माझे अकरा दिवस

इमॅक्स या एडिटरच्या, म्हणजे मजकूर लिहायच्या प्रोग्रॅमच्या, खिडकीत अगदी तळाला एक ओळ येते. इंग्रजीत असते. मराठीत सांगायची तर 'पलीकडच्या शेलच्या प्रॉम्प्टची वाट पाहतोय', आणि पुढे तीन टिंबं. (शेल म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा पाळणारा प्रोग्रॅम, आणि प्रॉम्प्ट म्हणजे 'आता आज्ञा द्या' अशी त्याची खूण.) ही ओळ मी गेल्या डिसेंबरात अकरा दिवस पाहिली. अजूनही ती क्षणभर जास्त रेंगाळली की माझ्या पोटात गोळा येतो.

काम तसं साधं होतं. आमच्या वरुड तालुक्यातल्या गावात, संत्र्याच्या तीन बागांमध्ये मी रास्पबेरी पाय बसवलेत. तळहाताएवढे संगणक. एक आमच्या बागेत, दोन शेजाऱ्यांच्या. पाऊस, हवेतली आर्द्रता आणि जमिनीतला ओलावा ते मोजत बसतात. आंबिया बहारासाठी झाडं ताणावर सोडली, म्हणजे त्यांचं पाणी बंद केलं, की पुढे ताण कधी तोडायचा यावर आमच्याकडे घरोघरी वाद होतात. त्या वादात निदान एक आकडा तरी हाताशी असावा, एवढीच माझी अपेक्षा. किती मिनिटांनी मोजायचं, ओलावा कुठे उतरला की मोबाइलवर इशारा द्यायचा, हे सगळं साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिलेलं असतं आणि हंगामाप्रमाणे ते बदलावं लागतं.

जानेवारीपासून मला नोकरीसाठी नागपूरला राहायचं होतं. मागे हे सांभाळणार माझी पुतणी आणि शेजारचा एक आयटीआयचा पोरगा. दोघंही हुशार, पण इंग्रजी मॅन्युअल समोर टाकलं की दोघांनाही झोप येते. म्हटलं, आपणच मराठीत लिहून देऊ. आठ पानं, चार दिवस. असा माझा अंदाज.

लिहायचं होतं ट्रँपबद्दल. ट्रँप ही इमॅक्स या एडिटरची जोडणी आहे. तिच्यामुळे दुसऱ्या संगणकावरची फाइल आपल्याच संगणकावर असल्यासारखी उघडते. फाइलचं नाव फक्त लांबतं: /एसएसएच:नाव@यंत्र:/मार्ग. (प्रत्यक्षात ही अक्षरं इंग्रजीत टाइप करायची. एसएसएच म्हणजे दुसऱ्या संगणकात सुरक्षितपणे शिरायची पद्धत.) पुतणीने विचारलं, "मंग सरळ एसएसएचनं लॉगिन करून तिथंच फाइल काहून नाही उघडायची?" प्रश्न बरोबर होता. उत्तर आमच्या नेटवर्कमध्ये आहे. बागेत डोंगलचं इंटरनेट. तिथल्या एडिटरमध्ये टाइप केलं तर प्रत्येक अक्षर आधी बागेत जातं, मग परत येऊन पडद्यावर उमटतं. 'ओलावा' लिहा आणि चहा पिऊन या. ट्रँपमध्ये फाइल एकदा इकडे येते, टाइपिंग सगळं आपल्या लॅपटॉपवर होतं आणि सेव्ह केलं की फाइल परत जाते. मध्येच लाईन गेली तरी लिहिलेलं समोर असतं.

पहिली तीन पानं सरसर झाली, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. इतिहासाला मी चारच ओळी दिल्या, कारण पोरांना नावाची गंमत वाटली. हे काम १९९८च्या नोव्हेंबरअखेर काय ग्रोसयोहान यांनी सुरू केलं, तेव्हा नाव वेगळं होतं आणि ते फक्त एसएसएचपुरतं होतं. पुढे त्याचं ट्रँप झालं. ती खरं तर आद्याक्षरं आहेत, पण इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ भटक्या. २००७च्या इमॅक्स २२पासून ते इमॅक्सच्या सोबतच येतं, वेगळं बसवावं लागत नाही. गेली अनेक वर्षं मायकेल अल्बिनस ते सांभाळतात.

'रिमोट'ला मी आधी 'दूरस्थ' लिहिलं होतं. शेजारचा पोरगा म्हणाला, "भाऊ, हे दूरस्थ म्हंजे टीव्हीचं रिमोट का?" खोडलं. सगळीकडे 'पलीकडचं' केलं. त्यानंतर कोणी हसलं नाही.

चौथं पान दोन टप्प्यांच्या मार्गाचं. डोंगलच्या इंटरनेटवर बागेतल्या यंत्राला बाहेरून गाठता येत नाही. मोबाइल कंपनी एकाच सार्वजनिक पत्त्याखाली पुष्कळ गिऱ्हाइकं ठेवते, त्यामुळे आपल्या यंत्राला स्वतःचा असा पत्ताच नसतो. म्हणून उलटं करायचं. बागेतलं यंत्र स्वतःहून माझ्या भाड्याच्या सर्व्हरला जोडून बसतं आणि आपण त्या सर्व्हरवरून मागच्या दाराने बागेत शिरतो. ट्रँपमध्ये हे एकाच ओळीत लिहिता येतं: पहिला टप्पा, मध्ये उभी रेघ |, मग दुसरा टप्पा, यंत्राच्या नावापुढे # आणि पोर्टचा, म्हणजे त्या दाराचा, नंबर. माझ्या लॅपटॉपवर पहिल्या फटक्यात उघडलं. ते पान मी अभिमानाने छापून पुतणीच्या हातात दिलं.

संध्याकाळी ती आली.

"काका, हे तं लटकूनच रायलं."

"लाईन गेली असेल बागेत."

"लाईन हाय. मी पाहून आली."

तिच्या लॅपटॉपवर ती ओळ. वाट पाहतोय, तीन टिंबं. एक मिनिट वाट पाहून ट्रँप हात टेकतो, मग पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. मी माझ्या लॅपटॉपवरून तीच बाग, तीच फाइल उघडून दाखवली. दोन सेकंदांत. तिने माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं तिला आमच्याकडे 'हुशारी नको दाखवू' असं म्हणतात.

पहिले दोन दिवस मी डोंगलला शिव्या दिल्या. सिम बदललं. बागेत जाऊन अँटेना बांबूवर चढवली. त्या आठवड्यात शेतीची लाईन रात्रपाळीची होती, म्हणून रात्री साडेअकराला टॉर्च घेऊन मोटरीशेजारी बसून पाहिलं, मोटर सुरू झाली की डोंगलला काही होतं का. काही होत नव्हतं. तिसऱ्या दिवशी किल्ल्यांवर संशय घेतला, म्हणजे एसएसएचच्या, पासवर्डऐवजी चालणाऱ्या फाइली. तिची किल्ली काढून नवी केली, दोन्ही टप्प्यांवर टाकली. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, तिला पासवर्ड न देता थेट आत शिरता येत होतं. इमॅक्समधून नाही. इथेच मी थांबून विचार करायला हवा होता, कारण एसएसएच चालतंय याचा अर्थ रस्ता मोकळा आहे. पण मी तिचं इमॅक्स जुनं आहे असं ठरवलं आणि दोन दिवस नवं बसवण्यात घालवले. (हे वाया गेलं नाही. इमॅक्स २७पासून जोडाक्षरं नीट जुळवण्यासाठी हार्फबझ ही लायब्ररी वापरतात, त्यामुळे तिला आता 'आर्द्रता' धड दिसते.) मग ट्रँप पलीकडच्या यंत्राबद्दलच्या नोंदी इमॅक्सच्या फोल्डरमध्ये साठवून ठेवतो ती फाइल उडवली. मग सगळ्या जोडण्या साफ करण्याची आज्ञा दिली. तीही फाइल, ती आज्ञा, दोन्ही माझ्या पानांत आता आहेत, पण त्या वेळी उपयोग शून्य.

आठव्या दिवशी शेजारचा पोरगाही लटकला. त्याच ठिकाणी, त्याच ओळीवर. म्हणजे लॅपटॉपचा दोष नाही. मी चिडून चौथं पान फाडलं आणि त्या दोघांना म्हणालो, तुम्ही टर्मिनलच वापरा. पुतणी म्हणाली, "मंग हे पाच दिवसांपासून काय शिकवून रायले तुम्ही?" बरोबर होतं तिचं. आणि पाच नव्हे, आठ.

अकराव्या दिवशी मी जे पहिल्या दिवशी करायचं ते केलं. ट्रँपला किती बडबड करायची ते आकड्यात सांगता येतं. नेहमी ३ असतं. ६ केलं की काय पाठवलं आणि पलीकडून काय आलं, सगळं एका वेगळ्या बफरमध्ये, म्हणजे इमॅक्समधल्या वेगळ्या पानावर, उतरतं. १० करू नका, वाचता वाचता संक्रांत येईल. ६ केलं, पुतणीच्या लॅपटॉपवरून जोडलं आणि बफर उघडला. पलीकडचं यंत्र ताबडतोब उत्तर देत होतं. अगदी नम्रपणे. शेवटची ओळ होती:

बोला भाऊ ॥

मी खुर्चीतच मागे टेकलो.

झालं होतं असं. पोरांसाठी खाती उघडली तेव्हा मला वाटलं, काळ्या पडद्यावर नुसतं डॉलरचं चिन्ह चमकतं, पोरं बिचकतील. म्हणून मी हौसेनं दोघांच्या खात्यात प्रॉम्प्ट बदलून 'बोला भाऊ ॥' केला होता. माझ्या स्वतःच्या खात्यात नव्हता, मला सवय आहे. माणसाला 'बोला भाऊ' दिसलं की कळतं, आता आपण बोलायचं. ट्रँपला कसं कळणार? तो ओळीच्या शेवटी ठरावीक खुणा शोधतो, $ किंवा # किंवा % किंवा >. त्यातली एक दिसली की समजतो की शेल तयार आहे, आणि कामाला लागतो. दोन उभे दंड त्याच्या यादीत नाहीत. बागेतलं यंत्र म्हणत होतं बोला, आणि ट्रँप त्याच्या तोंडाकडे पाहत होता, हे बोलायला कधी सुरुवात करतं म्हणून.

इंग्रजी मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं आहे. वारंवार येणाऱ्या प्रश्नांच्या प्रकरणात, सजवलेल्या प्रॉम्प्टमुळे ट्रँप अडकतो, असं स्पष्ट. उपायही तिथेच दिलाय. ते प्रकरण मी वाचलंच नव्हतं, कारण मला कुठलाही प्रश्न वारंवार पडत नव्हता. एकच पडत होता, अकरा दिवस.

उपाय असा. ट्रँप जोडताना टर्मिनलचा प्रकार 'डंब', म्हणजे मुका, असा सांगतो. पलीकडच्या खात्यात बॅशची, म्हणजे तिथल्या शेलची, जी सुरुवातीची फाइल असते तिच्यात एक अट घालायची: टर्मिनल मुकं असेल तर प्रॉम्प्ट नुसता '$ ' ठेव, पुढची सजावट करू नकोस. माणूस आला तर सजावट, यंत्र आलं तर डॉलर. झेडशेल हा दुसरा शेल वापरणाऱ्यांना याच अटीत त्याचं ओळ-संपादन बंद करण्याची एक सूचना जास्त द्यावी लागते. प्रॉम्प्टमध्ये रंग, चित्रं, गिटची (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमची) शाखा असलं काही भरणाऱ्या सगळ्यांनी हे आधीच करून ठेवावं. तुमची हौस कमी करू नका, फक्त अट घाला.

चौथं पान मी त्या रात्री पुन्हा लिहिलं, आणि ते पाच पानांचं झालं. आता आठ पानांच्या पुस्तिकेची बारा पानं झाली आहेत आणि त्यातली जवळजवळ अर्धी 'लटकलं तर' या मथळ्याखाली आहेत. सगळ्यात वरची ओळ: कंट्रोल-जी दाबा, घाबरू नका, मग बडबड ६ करा.

लिहिताना आठवलेल्या बाकीच्या गोष्टी, आठवतील तशा.

कोलन आणि विसर्ग. पोरानं एकदा माझ्या पानावरून नाव कॉपी करून पेस्ट केलं आणि रिकामी फाइल उघडली. पाऊणतास गेला. मी टाइप करताना कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवर राहिला होता आणि एका ठिकाणी कोलनऐवजी विसर्ग पडला होता. डोळ्याला सारखाच दिसतो. ट्रँपला तो विसर्ग म्हणजे साध्या नावातलं एक अक्षर, त्यानं आपल्याच लॅपटॉपवर तशा नावाचा रस्ता शोधला. मराठीत तांत्रिक काही लिहिणाऱ्यांनी हा विसर्ग भुतासारखा लक्षात ठेवावा. यावर एक तोड आहे: सिस्टिमचा कीबोर्ड इंग्रजीच ठेवायचा आणि मराठी इमॅक्सच्या आतल्या देवनागरी इनस्क्रिप्टने टाइप करायची. कंट्रोल आणि उलटी तिरपी रेघ दाबली की चालू-बंद होतं. शिवाय इमॅक्सच्या आज्ञाही चालत राहतात.

छापायचं असेल तर लेटेक या पानं जुळवणाऱ्या प्रोग्रॅमच्या जुन्या मार्गाने जाऊ नका, देवनागरी तिथे सरळ चालत नाही. त्याचाच नवा भाऊ झीलेटेक वापरा, किंवा माझ्यासारखं ऑर्गमधून (इमॅक्सच्या टिपणं लिहायच्या सोयीतून) एचटीएमएल काढून ब्राउझरमधून छापा. मला फाँटशी भांडायची ताकद उरली नव्हती.

लाईन जाते तिथे एक गोष्ट नक्की करा. पलीकडच्या फाइलींची आपोआप जतन होणारी प्रत इमॅक्स आपल्या लॅपटॉपवरच तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवतं, आणि लॅपटॉप पुन्हा सुरू झाला की तो फोल्डर बहुतेक वेळा पुसला जातो. ट्रँपला या प्रतींसाठी वेगळा फोल्डर सांगता येतो. घरच्या फोल्डरमध्ये एक करून द्या. पुतणीच्या लॅपटॉपची बॅटरी दहा मिनिटांची आहे, तिनंच हे शोधायला लावलं.

फाइल उघडायला वेळ लागत असेल तर पलीकडच्या फाइलींसाठी इमॅक्सची आवृत्ती-तपासणी बंद करा. गिट शोधायला दर वेळी बागेत फेऱ्या मारतं ते.

दहा किलोबाइटपेक्षा लहान फाइली ट्रँप, एससीपी (एसएसएचवरून फाइल वेगळ्या जोडणीने पाठवायची पद्धत) सांगितलं तरी, त्याच जोडणीतून पाठवतो, वेगळी उघडत नाही. आमच्या फाइली सगळ्या त्याहून लहान, म्हणून 'एसएसएच का एससीपी' या भानगडीत पोरांना पाडलंच नाही.

नागपूरला आलो त्याच्या दुसऱ्या आठवड्यात पुतणीचा फोन. मला वाटलं, लटकलं.

"काका, तुम्ही ते बोला भाऊ काढून टाकलं ना आमच्या खात्यातून?"

खरं होतं. अट घातली होती, पण भीतीपोटी निघताना 'बोला भाऊ'ही काढून टाकलं होतं.

"मी परत लावलं," ती म्हणाली. "फक्त ते दोन दंड काढले अन् शेवटी डॉलर ठेवला. बोला भाऊ $. ट्रँप मुकाट्यानं चालते."

अट घालायची गरजच नव्हती, म्हणजे. तिरीमिरीत मी चौथं पान उघडलं, आणि त्या पाच पानांच्या वर तिचं एका ओळीचं उत्तर टाकलं.