नाचणी बिस्किटांचा ९० सेकंदांचा पिच (माल विकण्यासाठीचा व्हिडिओ), फोनवर: आवाज आणि उजेड पक्का, मालाचे शॉट बाकी

बघणारा आहे किराणा दुकानांना माल पुरवणारा वितरक. संहिता जवळपास तयार आहे, आवाज आणि उजेडाची मांडणी ठरली आहे. बिस्किटांचे जवळचे शॉट आणि जोडणी (एडिटिंग) उरली.

आधी संहिता. सावकाश, स्पष्ट मराठीत मिनिटाला १२० ते १३० शब्द बसतात, म्हणजे ९० सेकंदांना १८० शब्द पुरे. त्यावर गेलं की बोलणारा धापा टाकतो आणि आकडे गिळले जातात. कच्च्या मसुद्याची सुरुवात नाचणीतल्या कॅल्शियमपासून होती, ती सरळ कापली. वितरकाला तीन गोष्टी कळायला हव्यात: माल किती दिवस टिकतो, डब्यामागे हातात किती उरतं, आणि खपला नाही तर काय. म्हणून आता पहिलंच वाक्य असं आहे: "पाच दुकानांत महिनाभर माल ठेवा, उरलेला आम्ही परत नेऊ." आपलं मागणं शेवटाला ठेवलं की तिथवर बघणारा टिकेलच असं नाही. बोलण्याच्या पद्धतीचं म्हणाल तर, वाय कॉम्बिनेटर ही नव्या कंपन्यांत पैसे गुंतवणारी अमेरिकी संस्था अर्जासोबत संस्थापकांचा एक मिनिटाचा व्हिडिओ मागते, तिथे पाठांतर म्हणून दाखवू नका अशी सूचना असते. त्यामुळे पूर्ण मजकूर समोर ठेवलेला नाही. मुद्द्यांचे चार शब्द ठळक लिहून लेन्सच्या लगेच खाली चिकटवलेत. फोन दीड मीटरवर असला की नजर खाली गेलेली कळत नाही.

सगळ्यात जास्त वेळ आवाजाला द्या. चित्र थोडं कमी-जास्त चालतं, पण खोलीत घुमणारा आवाज ऐकला की बघणारा पुढे सरकवतो. कॉलरचा माइक हनुवटीखाली वीतभर, ओढणी किंवा साखळी घासणार नाही असा लावायचा. वायरवाल्या माइकची पिन नीट बघा: फोनला तीन काळ्या पट्ट्यांची लागते. दोन पट्ट्यांची कॅमेऱ्याची पिन थेट खोचली तर फोन तिला ओळखत नाही आणि मुकाट्याने स्वतःच्या माइकवर रेकॉर्ड करतो. खात्री करायची तर रेकॉर्डिंग चालू करून माइकवर नख खरवडा आणि ऐका. ब्लूटूथ इअरबड नकोत, त्यांचा माइक बहुतेक वेळा फोन कॉलसारखा चपटा आवाज देतो. पंखा आणि फ्रिज बंद, खोलीत गादी किंवा जाड पडदे, फोन विमान मोडवर. मध्येच कॉल आला तर टेक वाया जातो.

उजेड खिडकीचा, चेहऱ्याला तिरका, दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल. ट्यूब किंवा एलईडी लावावाच लागला तर चित्रात पट्ट्या सरकताना दिसतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात आणि सेकंदाला ३० फ्रेमवर (चित्रांवर) फोनने निवडलेला शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेम टिपायला लागणारा वेळ, त्याच्याशी जुळत नाही. उपाय: २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद. आयफोनमध्ये कॅमेरा सेटिंगमधून पाल फॉरमॅट चालू केलं की २५ फ्रेम मिळतात. शटर हाताने ठरवायला ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत अॅप आहे. अँड्रॉइडच्या प्रो व्हिडिओत २५ नसेल तर ३० फ्रेमवरही शटर १/५० किंवा १/१०० ठेवला तरी पट्ट्या जातात. मग चेहऱ्यावर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर लॉक. नाहीतर हात हलले की चित्र उजळतं आणि काळवंडतं.

आता अडलेलं. बिस्किटाजवळ गेलं की बरेच फोन स्वतःहून वाइड लेन्सवर जातात, रंग बदलतो आणि फोनची सावली मालावर पडते. म्हणून मॅक्रो (अगदी जवळून टिपायचा मोड) बंद करून हातभर मागे, २x वर घ्यायचं ठरलंय. बिस्किट मोडतानाचा कट्ट आवाज त्याच माइकने वेगळा घ्यायचा आहे. कुरकुरीतपणा सांगायला तेवढा एक शॉट पुरतो.

जोडणीत एक खबरदारी: फोनचा फ्रेमदर स्थिर नसतो, त्यामुळे वेगळा घेतलेला आवाज हळूहळू ओठांच्या मागे पडू शकतो. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये स्थिर फ्रेमदर करूनच फाइल संगणकावरच्या जोडणीत घ्या. आणि व्हॉट्सअॅपवर पाठवताना व्हिडिओ म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून जोडा, नाहीतर डब्यावरची अक्षरं वाचता येत नाहीत.