कोरडवाहू पिकाला शेवग्याचा रस: आधी पान बघा, मग पंप भरा

कोरडवाहू पिकावर फवारणी म्हटली की सगळे आधी विचारतात, काय मारू? त्याआधी पान फवारा शोषून घ्यायच्या स्थितीत आहे का ते बघा. पाण्याचा ताण बसला की पानावरचा मेणाचा थर जाड होतो, पर्णरंध्रं मिटतात, आणि थेंब आत मुरण्याआधीच उडून जातो. म्हणून पाऊस पडून गेल्यावर किंवा पाणी दिल्यावर, वाफसा आला की, म्हणजे जमिनीत ओल आहे पण चिखल नाही अशा वेळी, फवारा. वेळ सकाळची, दव उतरल्या उतरल्या, नाहीतर ऊन कलल्यावरची. शंका असेल तर चार पानांवर नुसतं पाणी मारा. दोन-तीन मिनिटांत वाळलं तर पंप खाली ठेवा.

आता रस. शेवग्याची कोवळी पानं आणि शेंडे घ्या, जाड देठ काढून टाका. किलोभर पाल्याला 100 मिली पाणी घालून बारीक वाटा, पिळा आणि दुहेरी सुती कापडातून दोनदा गाळा. गाळण्यात कंटाळा केला की तिसऱ्या पंपाला नोझल चोंदलंच! प्रमाण एकास तीस, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 500 मिली. एकरी 150 लिटर पाणी लागत असेल तर 5 लिटर रस हवा. रस त्याच दिवशी संपवा. आंबूस वास आला तर तो खताच्या ढिगावर ओता, पिकावर नको.

या रसात झिएटिन असतं. हे सायटोकायनिन गटातलं संजीवक पान पिवळं पडणं लांबवतं, त्यामुळे दाणा भरायला पानाला जास्त दिवस मिळतात. म्हणूनच एक फवारणी कळी दिसण्याआधी आणि दुसरी दाणा भरताना. ऐन फुलोऱ्यात मारायचीच वेळ आली तर मधमाश्या परतल्यावर, संध्याकाळी.

रस दाट केला तर फायदा दुप्पट होत नाही, उलट पानांच्या कडा करपू शकतात. गोमूत्र फवारायचं तर आणखी जपून. त्यात क्षार असतात, शिवाय मुरलेल्या गोमूत्रात अमोनिया. पंपाला 750 मिली, म्हणजे 5 टक्के, एवढंच घ्या, तेही आधी दोन-चार झाडांवर मारून दोन दिवस बघा. दोन्ही एका पंपात नकोत. थेंब पानावरून घरंगळत असेल तर रिठ्याचं पाणी थोडं घाला. साबण नको, तो जड पाण्यात फाटतो आणि त्याचा साका नोझलमध्ये बसतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट असू द्या: मुळाशी ओल नसेल तर फवारणी ती भरून काढत नाही. जमिनीवर पालापाचोळ्याचं आच्छादन आधी.

गुण आला की नाही हे हिरवेपणावरून ठरवू नका. चार ओळी बिनफवारणीच्या सोडा आणि शेजारच्या फवारलेल्या चार ओळींचं धान्य वेगळं मोजा. या ओळी बांधालगतच्या नकोत, शेताच्या मधल्या घ्या. कडेच्या ओळींना ऊन-वारा आणि जागा वेगळीच मिळते.