ख्रिसमसची लढाई बघून आलो

रविवार, रात्री

पाय अजून गरम झालेले नाहीत. आज ऑफिसमधल्या एकाच्या गाडीतून लोझमेतेयकाल्न्सला जाऊन आलो, म्हणजे मशीनगनची टेकडी. लाटवियाची राजधानी रीगा, तिथून येलगावा शहराच्या दिशेने, जंगल आणि दलदल, बाकी काही नाही. टेकडी म्हणजे तरी काय, आपल्याकडे तिला कोणी टेकडी म्हणणार नाही, वाळूचा उंचवटा आहे, पण सगळीकडे सपाट दलदल असताना पहिल्या महायुद्धात जर्मनांनी नेमकी तीच धरून ठेवली होती.

रीगामधली मोठी लष्करी दफनभूमी, ब्राल्यु कापी, आधीच बघितली होती. कार्लिस झाले या शिल्पकाराचं काम, 1936 ला उद्घाटन, शेवटी उंच लाटवियामाता उभी आणि पायाशी तिची मेलेली मुलं. भव्य आहे यात वादच नाही, पण तिथला शोक मला जरा इस्त्री केलेला वाटतो. लढाई म्हणून काय झालं ते तिथे कळतच नाही.

ते आज कळलं. दलदलीत खंदक खणला की पाणी भरतं, म्हणून जर्मनांनी जमिनीच्या वर ओंडके रचून मध्ये वाळू-माती ठासून भिंतच उभी केली, पुढे काटेरी तारांच्या रांगा. म्युझियमवाल्यांनी तिचा एक तुकडा पुन्हा बांधलाय. ओंडक्यांच्या फटीत बोट घातलं तर आत गोठलेली वाळू, दगडासारखी कडक. आणि ही भिंत रशियन सैन्यातल्या लाटवियन पोरांनी तोफांचा मारा न करता घ्यायला निघायचं होतं, कारण जर्मनांना सुगावा लागू द्यायचा नव्हता. अंधारात बर्फातून सरपटत जायचं आणि कात्र्यांनी, कुऱ्हाडींनी हाताने तारा तोडायच्या. हे वाचलं होतं मी, पण त्या भिंतीसमोर उभं राहिलं की पोटात गोळा येतो.

5 जानेवारी 1917 ला हल्ला सुरू झाला, टेकडी 7 तारखेला पडली. रशियन साम्राज्याचं कॅलेंडर तेव्हा 13 दिवस मागे, त्यामुळे त्यांच्या हिशोबाने 7 जानेवारी म्हणजे 25 डिसेंबर, म्हणून नाव ख्रिसमसच्या लढाया. जर्मनांचा ख्रिसमस तर कधीच होऊन गेलेला, त्यामुळे ते सणाच्या नादात गाफील होते वगैरे कोणी सांगितलं तर मी तरी ऐकून घेणार नाही.

मला राग येतो तो पुढच्या भागाचा. लाटवियन रायफलमन फळी फोडून आत घुसले आणि मागून पुरेशी कुमकच आली नाही. सायबेरियन रेजिमेंटांमधल्या काही सैनिकांनी हल्ल्याला जायलाच नकार दिला, त्यांच्यातल्या कित्येकांना नंतर गोळ्या घातल्या. मग जानेवारीच्या शेवटी जर्मनांचा उलटा हल्ला, थंडी उणे 30 च्याही खाली, आणि जिंकलेली बरीचशी जमीन परत गेली. दोन्ही लढायांत मिळून मेलेले, जखमी, बेपत्ता असे लाटवियन जवळजवळ 9000. एवढं करून हातात काय, तर वाळूचा ढीग. वरिष्ठांवरचा विश्वास उडाला नसता तरच नवल, आणि म्हणूनच यातले पुष्कळ जण त्याच वर्षी बोल्शेविकांकडे वळले असणार, असं मला वाटतं. उरलेले काही 1918 नंतर स्वतंत्र लाटवियासाठी लढले, म्हणजे कालपर्यंत एका ताटात जेवणारे समोरासमोर.

रीगाच्या जुन्या शहराच्या तोंडाशी लाल ग्रॅनाइटचे तीन उंच सैनिक उभे आहेत ना, ते याच रायफलमनचे, पण सोव्हिएत काळात उभारले तेव्हा फक्त 'लाल', म्हणजे बोल्शेविकांकडच्या, रायफलमनचे होते. शेजारची इमारतही त्यांच्याच म्युझियमसाठी बांधलेली, तिच्यात आता सोव्हिएत आणि नाझी अंमलाचं म्युझियम आहे. मी येताना गाडीत त्या ऑफिसवाल्याला विचारलं की तो पुतळा काढायला नको का, तर तो म्हणाला, "काढून काय करणार, त्यातले अर्धे आमचेच होते, आणि उरलेले अर्धेही आमचेच." वर म्हणाला की त्याला स्वतःला तो पुतळा अजिबात आवडत नाही. मला मात्र आवडतो, त्या तिघांनी एकमेकांकडे पाठ केलीय ते तर फारच बरोबर वाटतं, शिल्पकाराच्या मनात हे नसेलही. पुढच्या वेळी इकडे उन्हाळ्यात यायचं ठरलंय, डासांची तयारी ठेव म्हणालाय.