महिरप काहीच पेलत नाही

आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला 'मेझर्ड ड्रॉइंग' असायचं. एखादी जुनी वास्तू घ्यायची, टेप घेऊन तिच्या अंगाखांद्यावर चढायचं आणि ती जशी आहे तशी कागदावर उतरवायची. आमच्या गटाकडे पुण्यातला विश्रामबागवाडा आला. दर्शनी सज्जा, दरबार हॉल, जिना ही मिरवायची कामं पोरांनी पटापट वाटून घेतली. माझी बस चुकली होती. मी पोचले तेव्हा एकच काम उरलं होतं, चौकातला एक खांब.

एक खांब म्हणजे तासाभराचं काम, असं मला वाटलं होतं. तीन दिवस लागले.

हा सुरूदार खांब. खाली दगडी तळखडा, त्यावर पाकळ्यांची बैठक, मग खांब फुगतो आणि सुरूच्या झाडासारखा निमुळता होत वर जातो. घाट मुघल इमारतींतून आलेला, पण तिथे दगडात दिसतो तो इथे सागवानात. अडचण अशी, की यात सरळ रेष कुठेच नाही, टेप लावणार कुठे? शेवटी मी शेजारी ओळंबा, म्हणजे वजन बांधलेली दोरी, सोडला आणि दर दोन इंचांवर दोरीपासून खांबापर्यंतचं आडवं अंतर घेत गेले. वहीचं पान आकड्यांनी भरलं. तिथल्या पहारेकरी काकांनी दुसऱ्या दिवशी न राहवून विचारलंच, "ताई, कालपेक्षा वाढला का हो?"

वाढला नव्हता, पण शेजारच्यासारखाही नव्हता. हौस म्हणून दुसरा खांब मोजला तर फुगवट्याला जवळपास पाऊण इंचाचा फरक. मी घाबरून माझंच माप चुकलं असेल म्हणून पुन्हा घेतलं. तसंच आलं. हाताने तासलेली लाकडं ती, प्रत्येकात त्या दिवशीचा हात उतरलेला. ड्रॉइंगमध्ये मात्र आमच्या गटप्रमुखाने एकच खांब काढून सगळीकडे छापला. त्याचा मला अजून राग आहे.

मोजता मोजता वर लक्ष गेलं. दोन खांबांच्या मधे नक्षीदार महिरप. तोवर माझी समजूत अशी, की कमान आहे म्हणजे वरचं ओझं तिच्यावर असणार. शिडीवर चढून बोटाने ठकठक केलं तर आवाज पोकळ! फळीच ती. कापून, कोरून दोन खांबांच्या मधे बसवलेली. दगडी कमान दोन्ही बाजूंना रेटा देते, ही कुणालाच काही देत नाही. उद्या काढून ठेवली तरी वाडा जिथल्या तिथे. खरा भार वरच्या तुळईवर. कडीपाटाचं, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांच्या छताचं, ओझं तुळईवर, तुळईचं खांबावर, खांबाचं तळखड्यावर. आणि तळखडा दगडाचा का, तर जमिनीची ओल लाकडात चढू नये म्हणून. ज्या गोष्टीचे सगळे फोटो काढतात ती शोभेची आणि ज्याला लोक टेकून उभे राहतात त्याच्या डोक्यावर अख्खा मजला, हे कळलं तेव्हा शिडीवरच हसू आलं.

दोन खांबांतल्या अंतराला खण म्हणायचं. जुने लोक घर चौरस फुटांत सांगत नसत, 'पाच खणी', 'सात खणी' म्हणत. तुळईला मिळेल तेवढं लाकूड, तेवढा खण. खोलीची रुंदी शेवटी झाडाने ठरवलेली. फ्लॅटच्या कार्पेट एरियावर भांडणारी माझी गिऱ्हाइकं बघितली की मला हे हमखास आठवतं.

इतिहास थोडक्यात. दुसऱ्या बाजीरावाने हा वाडा बांधवला, साधारण १८०७ मध्ये पुरा झाला. शनिवारवाड्यासारखा तट-बुरुजांचा नाही, हा राहण्याचाच. अकरा वर्षं झाली न झाली तोच १८१८ साली राज्य गेलं आणि पेशवे बिठूरला. १८२१ मध्ये इंग्रजांनी इथे संस्कृत पाठशाळा काढली. मे १८७९ मध्ये मोठी आग लागली, बराच भाग जळाला. १९३० पासून जवळपास तीस वर्षं इथे पालिकेची कचेरी होती. पेशव्यांपेक्षा फायलींनीच या वाड्यात जास्त मुक्काम केला म्हणायचा.

म्हणून 'मूळ वाडा' असं कुणी ठासून म्हणालं की मी जरा गप्प होते. जळलेलं पुन्हा उभं केलेलं, कचेरीसाठी बदललेलं, मग जतनाच्या कामात परत खुलं केलेलं, सगळं एकाच छपराखाली नांदतंय. वारशाच्या यादीतल्या वास्तूचं काम म्हणजे नवीकोरी करणं नव्हे. खांबाचा पाय कुजला तर सबंध खांब बदलायचा नाही. कुजका भाग तेवढा काढायचा, जुन्यासारखंच मुरलेलं सागवान घ्यायचं, एकाची जीभ दुसऱ्याच्या खोबणीत बसवायची. भिंतीला गिलावा चुन्याचा. सिमेंट दिसायला घट्ट, पण आतली ओल बाहेर पडू देत नाही आणि मग शेजारचं लाकूड आतल्या आत कुजत जातं. ओळखीच्या एका वाड्यात कुणीतरी भलेपणाने खांबांच्या बुडाशी सिमेंटचे चौथरे केले होते. मजबुतीसाठी! चार पावसाळ्यांनी स्क्रू ड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत गेला.

परवा तुळशीबागेत पितळी समई घ्यायला गेले होते, तशीच वाड्यात डोकावले. माझा खांब सापडायला वेळ लागला, कारण आता सगळेच माझे वाटतात. मग बैठकीवरची ती टवका उडालेली पाकळी दिसली. वहीत मी तिच्यापुढे 'दुरुस्त करून काढणे' असं लिहिलं होतं आणि सरांनी लाल पेनने 'दुरुस्त' वर काट मारली होती. एक आजोबा खांबाला पाठ टेकून, पिशवी पायांत धरून बसले होते. मला पाकळीवर बोट फिरवायचं होतं, पण त्यांचा डोळा लागला होता.