सिंगापूरच्या सार्वजनिक नळांचे नियम आणि आपली मुंबई

जून सरत आला की मुंबईत सगळ्यांची नजर तानसा, भातसा, मोडकसागरच्या पातळीकडे लागते. पाऊस लांबला की पाणीकपात जाहीर होते आणि सार्वजनिक स्वच्छतागृहांत ‘पाणी जपून वापरा’च्या पाट्या लागतात. इथे सिंगापूरमध्येही पाण्याची चिंता जुनी आहे. मोठी नदी नाही, आणि मलेशियातल्या जोहोरहून पाणी घेण्याचा करार २०६१ मध्ये संपतो. पण इथे पाटीवर भिस्त ठेवलेली नाही. घरांखेरीजच्या इमारतींत प्रवाह आवरणारे रेग्युलेटर आणि आपोआप बंद होणारे नळ १९८३ पासून सक्तीचे आहेत. १९९७ पासून नव्या इमारतीत फ्लशची टाकी साडेचार लिटरपेक्षा मोठी चालत नाही.

या नियमांचा खरा जोर दुकानात दिसतो. २००९ पासून नळ, फ्लशच्या टाक्या, युरिनलचे व्हॉल्व्ह अशा वस्तूंवर पाणीबचतीचं लेबल बंधनकारक आहे. लेबलवरच्या टिक, म्हणजे बरोबरच्या खुणा, जितक्या जास्त, तितकं पाणी कमी. बेसिनच्या नळाला मिनिटाला चार लिटरपर्यंत दोन टिक आणि दोन लिटर किंवा त्याहून कमी असेल तर तीन. एप्रिल २०१९ पासून नव्या बांधकामात आणि नूतनीकरणात निदान दोन टिकचाच माल लागतो. पाणी उधळणारा नळ बाजारातच नसेल तर वापरणाऱ्याला उपदेश करायची गरज उरत नाही. आपल्या लोहार चाळीत नळ घेताना किंमत आणि चकाकी बघतात; मिनिटाला किती लिटर, हे कुणी विचारतही नाही. ते विचारायला लागायला हवं.

आपल्याकडचा नळ तपासणं अगदी सोपं आहे. लिटरचं माप खाली धरा, नळ पूर्ण सोडा आणि सेकंद मोजा. दहा सेकंदांत भरलं तर मिनिटाला सहा लिटर, पंधरा सेकंदांत भरलं तर चार. पाचच सेकंदांत भरलं तर मिनिटाला बारा लिटर, म्हणजे हात धुण्यासाठी तिप्पट पाणी.

असा प्रवाह आवरायला रेग्युलेटर लावायचा, तर अडचण येते दाबाची. गच्चीवरच्या टाकीखाली दर दहा मीटरला साधारण एक बार दाब मिळतो. सात मजली इमारतीत तळमजल्यावर दोन बार, तर वरच्या मजल्यावर अर्धासुद्धा नाही. रेग्युलेटरमधली रबरी रिंग दाबाने फुगून वाट अरुंद करते, म्हणून कमी दाबावर तिचा उपयोग होत नाही. सगळ्या मजल्यांना एकच फिटिंग लावलं की वरचे लोक नळाच्या तोंडाची जाळी काढून फेकतात. खाली रेग्युलेटर आणि वर कमी दाबाचा एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारी जाळी), असं वेगळं ठेवावं. जाळीत रेती आणि क्षार अडकतात. दोन-तीन महिन्यांनी ती काढून व्हिनेगरमध्ये भिजवावी.

दाबून सोडला की आपोआप बंद होणारा नळ अडकतो तोही कचऱ्यामुळेच. आतलं बारीक छिद्र बुजलं की नळ बंदच होत नाही. नळाच्या अलीकडे पाइपात गाळणी बसवली तर हा त्रास कमी होतो. मात्र हा नळ बेसिनलाच लावावा. संडासात बादली भरायची असते. तिथे तो लावला की कुणीतरी काडी खोचून किंवा दोरी बांधून चालूच ठेवतं, आणि मग साध्या नळापेक्षा जास्त पाणी जातं.

फ्लशबाबत एक आग्रहाने सांगतो: टाकी आणि भांडं एकत्र बदला. दहा-बारा लिटरसाठी घडवलेलं जुनं भांडं साडेचार लिटरांत साफ होत नाही, मग लोक दोनदा-तीनदा फ्लश करतात. टाकीत बाटली किंवा वीट ठेवण्याच्या युक्तीचंही हेच होतं. गळती शोधायला टाकीत खाण्याचा रंग टाका आणि पंधरा मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर तळाचं वॉशर गेलं. असली गळती ऐकू येत नाही, पण दहा मिनिटांत एक लिटर गेलं तरी दिवसाला १४४ लिटर होतात.

वर्षाला ६०,००० घनमीटर किंवा त्याहून जास्त पाणी वापरणाऱ्या सिंगापूरमधल्या आस्थापनांना २०१५ पासून वेगवेगळ्या वापरांसाठी स्वतःचे मीटर बसवून दरवर्षी पाण्याचा हिशेब द्यावा लागतो. हे प्रमाण रोज दहा हजार लिटरचे सोळा टँकर इतकं आहे. आपली नाट्यगृहं, मंगल कार्यालयं, शाळा याहून लहान असतील, तरी स्वच्छतागृहाच्या लाइनवर एक वेगळा मीटर टाकायला हरकत नाही. सगळं बंद झाल्यावर रात्री एक वाजता आणि पहाटे चार वाजता वाचन घ्या. आकडा सरकला असेल तर गळती त्याच लाइनवर आहे. मग एकेक स्टॉपकॉक बंद करत, पाइपाची कुठली फांदी बंद केल्यावर मीटरचा काटा थांबतो ते बघत प्लंबरला पुढे जाता येतं.